प्लंजर दाबायची घाई नको!

आधी एक काम करा. मोबाइल उघडा, यूपीआयची हिस्ट्री काढा आणि गेल्या महिन्यात बाहेरच्या कॉफीवर किती पैसे गेले ते बघा. मी बघितलं. अकरा कॉफ्या, २,६४० रुपये. इंटर्नशिपचा माझा स्टायपेंड आहे ८,००० रुपये. म्हणजे कमाईचा जवळपास तिसरा हिस्सा मी दुधाच्या फेसावर काढलेल्या पानाच्या नक्षीला देऊन आलो होतो. बरं, त्या अकरांपैकी एकही कॉफी चवीला कशी होती, हे काही केल्या आठवेना. कोणाबरोबर बसलो होतो ते आठवत होतं, एसी किती गार होता ते आठवत होतं, लॅपटॉप चार्जिंगला लावायला कोपऱ्यातलं टेबल मिळालं होतं तेही आठवत होतं. फक्त कॉफी आठवत नव्हती.

घाबरू नका, हे बचतीवरचं प्रवचन नाही. ते आपल्याला घरी फुकट मिळतं. ‘कॅफेत जाणं बंद करा’ असंही मी सांगणार नाही. कॅफे आपल्याला कॉफी विकतच नाही, तो खुर्ची विकतो. वन रूम किचनमध्ये चार माणसं राहत असतील, तर दोन तास कोणी हाक न मारता बसायला मिळणं ही चैन नसते, गरज असते. आपल्या शहरांत तरुणांनी पैसे न देता कुठे बसावं, याचं उत्तर कोणाकडे नाही. बागेत बसलं की वॉचमन येतो, लायब्ररीत बोलता येत नाही, जिन्यात बसलं की सोसायटीचे सेक्रेटरी येतात. तेव्हा खुर्चीचे पैसे खुशाल द्या. पण खुर्चीचे पैसे आणि कॉफीचे पैसे वेगळे आहेत, एवढं आपल्याला कळलं पाहिजे. आणि ते कळण्यासाठी आधी चांगली कॉफी कशी लागते, हे कळायला हवं. त्यासाठी ती निदान एकदा तरी आपल्या हाताने करायला हवी. आजचं म्हणणं एवढंच आहे.

बाबा म्हणाले, ‘सर्दी कोणाला झालीय?’

मी ती फ्रेंच प्रेसमध्ये करायला शिकलो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : काचेचं उभट भांडं, त्यावर झाकण, झाकणातून खाली जाणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला स्टीलची बारीक जाळी. भांड्यात कॉफी पावडर आणि गरम पाणी घालायचं, थांबायचं, जाळी खाली न्यायची, ओतायचं. संपलं. वीज नको, मशीन नको, कागदी फिल्टर नको. पहिल्या स्टायपेंडमधून मी ९०० रुपयांना ६०० मिलिलीटरचा प्रेस घेतला आणि घरी जाहीर केलं, ‘आजपासून कॉफी मी करणार.’

पहिली कॉफी भयंकर होती. डब्यात होती ती फिल्टर कॉफीची बारीक पावडर घातली, खळखळतं पाणी ओतलं, अर्ध्या मिनिटात प्लंजर धरला आणि सायकलच्या पंपासारखा दाबला. तो अडकला. मी आणखी जोर लावला. बाजूने कॉफीची चिळकांडी उडाली ती ओट्यावर, टाइल्सवर आणि माझ्या मनगटावर. जे उरलं ते कपात ओतलं. बाबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, ‘सर्दी कोणाला झालीय?’

त्या काढ्यात माझ्या चार चुका होत्या. पावडर चुकली, दळण चुकलं, वेळ चुकली आणि जोर चुकला. पुढचे दीड महिने मी एकेक चूक सुधारत गेलो. ते शिकलेलं तुमच्यासमोर मांडतो, म्हणजे तुमच्या घरच्या टाइल्स वाचतील.

त्याआधी नावाबद्दल दोन ओळी. भांड्याचं नाव फ्रेंच आहे आणि त्याच्या जवळपास जाणाऱ्या उपकरणाचं पेटंट १८५२ मध्ये मायर आणि डेलफोर्ज या दोघांनी फ्रान्समध्ये घेतलंही होतं. पण आज आपण वापरतो त्या घडणीचं पेटंट १९२९ मध्ये घेतलं ते अत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता या इटालियन जोडीने. इंग्रज त्याला ‘काफेतिएर’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात तो नुसता ‘प्लंजर’ असतो. नावावर जाऊ नका, जाळी नीट बसते की नाही तेवढं बघा.

पाकिटाची मागची बाजू वाचा

आपल्याकडे ‘कॉफी’ म्हणून जे घरात येतं ते दोनपैकी एक असतं. एक, इन्स्टंट. म्हणजे कारखान्यात एकदा तयार झालेली कॉफी वाळवून केलेली भुकटी. ती प्रेसमध्ये घालण्यात काही अर्थ नाही, ती तशीच विरघळते. दोन, फिल्टर कॉफीची पावडर, जिच्यात बऱ्याचदा चिकोरी असते. चिकोरी ही कॉफी नव्हे, ते एका झाडाचं मूळ आहे. भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यात कॅफिन नसतं. रंग गडद येतो, दाटपणा येतो आणि पावडर स्वस्त पडते. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीला तिची स्वतःची मजा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात ५१ टक्के कॉफी असली तरी चालतं, आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणून पाकीट उलटं करा आणि वाचा. आम्ही घरी वर्षानुवर्षं आणत होतो त्या पाकिटात ४० टक्के चिकोरी होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्हीच कधी वाचलं नव्हतं.

प्रेससाठी घ्यायची ती शंभर टक्के कॉफी. पाकिटावर आणखी एक गोष्ट शोधा : भाजल्याची तारीख. एक्स्पायरी नव्हे, भाजल्याची. भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि त्याबरोबरच सुगंधही हळूहळू उडतो. भाजून आठवडा-दोन आठवडे झालेली कॉफी प्रेसमध्ये मस्त लागते, सहा महिन्यांपूर्वीची पुठ्ठ्यासारखी. दळल्यावर तर ती आणखी भराभर शिळी होते. म्हणून अर्धा किलोचं स्वस्त पाकीट घेण्यापेक्षा छोटं घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तो डबा गॅसपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये नको. तिथे दमटपणा लागतो आणि मग कॉफीला कालच्या कोबीच्या भाजीचा वास येतो. हे मी अनुभवाने सांगतोय.

भरड हवी, पीठ नको

सगळ्यात मोठा फरक पडतो तो दळण्याने. आणि यार, यासाठी आपल्याकडे शब्द आधीपासून आहे : भरड. फ्रेंच प्रेसला कॉफीची भरड लागते, जाड्या रव्यासारखी. बारीक पावडर जाळीतून खाली उतरते आणि कपाच्या तळाशी चिखल होतो. शिवाय बारीक पावडरमधून पाणी भराभर सगळं ओढून घेतं, नको ते कडूही. आणि जाळीवर तिचा थर बसला की प्लंजर अडकतो. माझी चिळकांडी त्यामुळेच उडाली होती.

विकत घेताना सांगा, ‘फ्रेंच प्रेससाठी दळून द्या.’ ताजी कॉफी भाजून विकणारे बहुतेक जण विचारूनच दळतात. अख्ख्या बिया आणल्या आणि घरी ग्राइंडर नसला तर मिक्सरवर भागतं. पण मिक्सर दळत नाही, तो चिरतो. त्यामुळे काही तुकडे मोठे राहतात, काहींचं पीठ होतं. थांबत थांबत फिरवा, मग पिठाच्या चाळणीतून हलकेच चाळा. खाली पडेल ते पीठ बाजूला काढा, वर राहील ती भरड प्रेसमध्ये घाला. चाळणी आईच्या परवानगीने घ्या आणि नंतर नीट धुवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी पोळीला कॉफीचा फ्लेवर येतो.

पाणी, वजन आणि घड्याळ

कपातल्या कॉफीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे पाणी बेचव तर कॉफी बेचव. बोअरवेलचं जड पाणी कॉफीची चव दाबून टाकतं. आरओमधून सगळे क्षार काढलेलं पाणी उलट चव नीट ओढूनच घेत नाही, कारण त्या कामासाठी पाण्यात थोडे क्षार लागतात. आमच्याकडे नळाचं पाणी साध्या फिल्टरने गाळून वापरतो, तेच सगळ्यात चांगलं लागलं.

पाणी उकळलं की गॅस बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. ९२ ते ९६ अंशांचं पाणी चांगलं, असं कॉफीवाले सांगतात. थर्मामीटर आणायला पळू नका. डोंबिवलीत पाणी १०० अंशाला उकळतं, पुण्यात उंचीमुळे ९८च्या आसपास. महाबळेश्वरला राहत असाल तर ते ९६च्या आतबाहेरच उकळतं, तुम्ही थांबूच नका, थेट ओता.

प्रमाणासाठी एक आकडा लक्षात ठेवा : लिटरला ६० ग्रॅम. म्हणजे अर्ध्या लिटर पाण्याला ३० ग्रॅम कॉफी. हे पहिल्यांदा ऐकल्यावर जास्त वाटतं, मलाही वाटलं होतं. आपल्याला इन्स्टंटच्या एका चमच्याची सवय असते. पण इन्स्टंट पूर्ण विरघळते, आणि भरडीतला साधारण पाचवा हिस्साच पाण्यात उतरतो, बाकीचा गाळ होऊन मागे राहतो. घरात स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर एकदा किराणावाल्याकडे जाऊन ३० ग्रॅम मोजून घ्या आणि आपल्या चमच्याने ते किती चमचे होतात ते मोजून ठेवा. काम झालं.

आता कृती. प्रेसमध्ये थोडं गरम पाणी घालून तो विसळा आणि पाणी टाकून द्या. याने काच गरम होते, कॉफी लगेच गार होत नाही आणि थंड काचेवर एकदम उकळतं पाणी पडून ती तडकण्याची भीती कमी होते. भरड घाला. पाणी ओता, सगळी भरड भिजेल असं. कॉफी ताजी असेल तर वर फेस फुगून येतो. तो बघायला मजा येते. झाकण नुसतं वर ठेवा, दाबू नका. चार मिनिटं लावा.

चार मिनिटांनी झाकण काढा. वर भरडीचा थर आलेला असतो, दुधावर साय धरते तसा. चमच्याने तो हलकेच मोडा, बरीचशी भरड खाली बसते. वर उरलेला फेस चमच्याने काढून टाका. आणि आता, सगळ्यात अवघड भाग : आणखी पाच मिनिटं काहीही करू नका.

ही युक्ती माझी नाही. २००७ सालचा जागतिक बरिस्ता विजेता जेम्स हॉफमन याने ती लोकप्रिय केली. तो तर सांगतो की प्लंजर तळापर्यंत दाबूच नका, जाळी कॉफीच्या वरच्या पातळीला टेकेल एवढीच आणा आणि हळू ओता. कारण साधं आहे. खाली निवांत बसलेला गाळ दाबल्याने पुन्हा ढवळला जातो. तो बसू दिला तर तो तिथेच राहतो आणि जाळीचं काम फक्त गाळण्याचं उरतं. एका उपकरणाचं नावच ‘प्रेस’ आहे आणि उत्तम कॉफीसाठी ते जवळजवळ प्रेस करायचंच नाही, हे मला भारी वाटलं.

शेवटचा घोटभर भाग प्रेसमध्येच राहू द्या, त्यात चिखल असतो. आणि सगळी कॉफी लगेच कपांत ओता. प्रेसमध्ये तशीच ठेवली तर ती गाळावर मुरत राहते आणि दहा मिनिटांनी पुन्हा काढा होतो.

चव बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉफी तोंड आवळेल अशी कडू लागली, तर दळण आणखी जाड करा. आंबट आणि पाणचट लागली, तर दळण थोडं बारीक करा किंवा पाणी जास्त गरम घ्या. चव बरी पण कॉफी पातळ वाटली, तर भरड वाढवा. तीनही एकदम बदललं की काय चुकलं ते कळत नाही. हे बारावीच्या प्रॅक्टिकलला सरांनी सांगितलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं.

‘दूध घातलं की कॉफीच नाही’ म्हणणाऱ्यांना

थोडी चांगली कॉफी जमायला लागली की माणसाच्या अंगात एक आजार शिरतो. माझ्याही शिरला. मी दूध घालणाऱ्यांकडे दयेने बघायला लागलो. साखर मागितली की मान हलवायला लागलो. घरी कॉफी करताना ‘फ्लेवर नोट्स’ असं बोलायला लागलो.

आमची आजी जायफळ घातलेली कॉफी करते. मराठी घरांत जिला कॉफी म्हणतात ती हीच : दूध जास्त, साखर भरपूर, वर वेलची आणि किसलेलं जायफळ. तिने एकदा सहज विचारलं, ‘तुझ्या त्या बरणीत जायफळ घालून बघ की रे.’ मी म्हटलं, ‘आजी, त्याने मूळ चव मरते.’ ती काही बोलली नाही. रात्री मी स्वतःशीच विचार केला की मूळ चव म्हणजे कोणाची? भाजलेल्या बीत कोको आणि संत्र्याचा वास शोधणाऱ्या मला जायफळाचा वास कमी दर्जाचा कधीपासून वाटायला लागला?

दुसऱ्या दिवशी भरडीवर चिमूटभर जायफळ किसून घातलं आणि वर पाणी ओतलं. अप्रतिम लागली. आजीने मात्र अर्धा कप गरम दूध आणि दोन चमचे साखर घालूनच घेतली आणि म्हणाली, ‘आता कॉफी झाली.’ वाद घालायची माझी हिंमत झाली नाही.

जाता जाता दुधाचीही एक युक्ती. प्रेस धुऊन त्यात गरम दूध एक तृतीयांशापर्यंत घ्या आणि प्लंजर वरखाली पंधरा-वीस वेळा हलवा. कॅफेत ज्या फेसाचे पैसे देतो तो फेस तयार. दूध उकळतं नको, आणि भांडं कापडाने घट्ट धरा.

ही कॉफी येते कुठून?

कॉफी ही ‘वेस्टर्न’ गोष्ट आहे असं आपल्या डोक्यात बसलंय. पण सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. ते डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. देशातली साधारण ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. म्हणजे आपल्या शेजारच्या घरात. ती मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते, त्याच झाडांवर मिऱ्याचे वेल चढवलेले असतात, आणि फळं हाताने तोडली जातात. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू व्हॅली इथल्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आणि महाराष्ट्रात? आपल्याकडेही आहे. अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा, मेळघाटातलं, सुमारे १,१०० मीटर उंचीवरचं. तिथे ब्रिटिशांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. मी हे बावीस वर्षांचा होईपर्यंत ऐकलं नव्हतं. इथिओपियाच्या बियांबद्दल मी चार वाक्यं बोलू शकत होतो, चिखलदऱ्याबद्दल अर्धं नाही.

भारतात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा भाग परदेशात जातो, कारण आपण घरी ती फारशी पीत नाही. पितो ती इन्स्टंट किंवा निम्मी चिकोरी. चांगली कॉफी मागणारं गिऱ्हाईक देशातच तयार झालं, तर मळेवाल्याला परदेशातल्या भावाच्या चढउतारावर थोडं कमी अवलंबून राहावं लागेल. आता लहान मळेवाले स्वतःची कॉफी भाजून, मळ्याचं नाव घालून विकायला लागलेत. पाकिटावर गावाचं, मळ्याचं नाव असेल तर तेवढं बघून घ्या. कॅफेतल्या २४० रुपयांतले किती मळ्यापर्यंत पोहोचतात, ते मेनूकार्डवर लिहिलेलं नसतं.

दोन सूचना, आरोग्याच्या

फ्रेंच प्रेसची जाळी गाळ अडवते, पण कॉफीतलं तेल अडवत नाही. त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो रोज बराच पोटात गेला तर वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागदी फिल्टर तो अडवतो. म्हणून घरात कोणाला कोलेस्टेरॉलचा त्रास असेल तर त्यांच्यासाठी प्रेसची कॉफी कागदी फिल्टरमधून पुन्हा गाळा, किंवा रोज देऊ नका. दुसरं, निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं मानतात. पण ते शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सबमिशनच्या आदल्या रात्री अकराला प्यायलेली कॉफी पहाटे चारलाही जागीच असते. झोपेला कॉफी हा पर्याय नाही, हे मी तुम्हाला सांगतोय आणि स्वतःलाही.

गाळ कोण धुतं?

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं, ती.

प्रेस आणल्यानंतर दोन आठवड्यांनी आमचं सिंक तुंबलं. प्लंबर आला, पाइप उघडला आणि काळ्या चिखलाचा गोळा काढून दाखवला. ३५० रुपये घेतले. मी आईला म्हणालो, ‘अगं, गाळ सिंकमध्ये कशाला टाकतेस? कुंडीत टाकायचा ना.’ ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मग तू टाक.’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन आठवडे मी ‘कॉफी मीच करतो’ असं सगळ्यांना सांगत होतो. इन्स्टावर फोटो टाकत होतो. आणि रोज प्रेस ओट्यावर तसाच ठेवून ८.१२ची लोकल पकडत होतो. पाचला उठून तीन डबे करणारी बाई माझ्या छंदाची भांडी घासत होती. जाळीचे तीन भाग उघडून, मधे अडकलेला गाळ काढून, तेलकट काच चमकवून. मी करत होतो ते चार मिनिटं थांबण्याचं काम. बाकीचं तिच्याकडे होतं, न विचारता.

आपल्या पिढीचं हे फार होतं, मुलांचं तर जास्तच. आपण ‘कुकिंग’ करतो, ‘बेकिंग’ करतो, ‘ब्रूइंग’ करतो. फोटो आपला, ओटा पुसणारा हात दुसऱ्याचा. म्हणून या पानावरून एक नियम सुचवतो : जाळी स्वतः उघडून धुतली नाही, तोवर ती कॉफी आपण केली असं म्हणायचं नाही.

धुणं अवघड नाही. प्रेसमध्ये थोडं पाणी घालून हलवा, जुन्या गाळणीतून ओता, गाळणीत राहिलेला गाळ कंपोस्टच्या डब्यात किंवा थोडा थोडा कुंडीतल्या मातीत मिसळा. प्लंजरचे स्क्रू फिरवून जाळी सुटी करा, साबणाने धुवा, वाळवा. न धुतलेल्या जाळीवर तेल राहतं, ते खवट होतं आणि उद्याच्या ताज्या कॉफीला शिळा वास येतो. सगळं मिळून तीन मिनिटं. कॉफी मुरण्याची जी नऊ मिनिटं आहेत ना, त्यात ओटाही पुसून होतो. मी वेळ लावून बघितलाय.

हिशोबही सांगून टाकतो. २५० ग्रॅमचं पाकीट मी ५०० रुपयांना आणतो. एका वेळी ३० ग्रॅम, म्हणजे ६० रुपयांत तीन कप. कपाला २० रुपये. महिन्याला पैसे वाचतात, हो. पण मला खरं मिळालं ते वेगळंच. रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे आता चौघं एका वेळी बसतात. आईचा चहा आजवर नेहमी गारच व्हायचा, कारण सगळ्यांना देऊन ती शेवटी बसायची. रविवारच्या कॉफीला तिला उठायचं काम नसतं. पहिल्या वेळी तिला चैन पडेना, दोनदा उठून आत डोकावून गेली. आता बसते. दूध घालते, साखर घालते, मी काही बोलत नाही. बाबा अजून ‘काढा झाला का?’ असंच विचारतात, पण कप पुढे करतात.

कॅफेत मी अजूनही जातो. गेल्या महिन्यात चार वेळा गेलो. फरक एवढाच की आता कॉफी कशी होती ते आठवतं. दोन चांगल्या होत्या, एक करपलेली, एक नुसतंच दूध.

तुम्हीही या रविवारी करून बघा. प्रेस नसेल तर मित्राचा आणा. तोही नसेल तर झाकणाच्या पातेल्यात हेच प्रमाण, हीच वेळ ठेवा आणि चहाच्या बारीक गाळणीने सावकाश गाळा. थोडा गाळ येईल, चव तीच येईल. भांडं महत्त्वाचं नाहीच. भरड जाड ठेवा, पाणी मोजा, थांबा आणि कप रिकामे झाले की ते उचलून सिंकपर्यंत घेऊन जा. पुढचंही तुम्हीच करा.

चौकट : एका नजरेत

• कॉफी : १०० टक्के, चिकोरी नको, भाजल्याची तारीख बघून. ३० ग्रॅम
• दळण : जाड्या रव्यासारखी भरड
• पाणी : ५०० मिलिलीटर, उकळून अर्धा मिनिट थांबलेलं
• वेळ : ४ मिनिटं, मग थर मोडून फेस काढणं, मग आणखी ५ मिनिटं
• प्लंजर : पातळीला टेकेल एवढाच, जोर नको
• जायफळ : ऐच्छिक, आजी घरात असेल तर सक्तीचं
• धुणं : स्वतः